मंडईच्या पुनर्विकासासाठी सल्लागार नेमताय? या चुका टाळा

गावाच्या मधोमध जुनी मंडई, शेजारी गळका टाऊन हॉल, बाहेर रिक्षा स्टँड. निधी मंजूर झाला की नगरपरिषद महिनाभरात प्रकल्प व्यवस्थापन सल्लागारासाठी निविदा काढते. आराखडा, परवानग्या, ठेकेदार, वेळापत्रक हे सगळं पालिकेच्या वतीनं सांभाळायचं ते या सल्लागारानं. पण आपल्याला काय हवंय हेच ठरलं नसेल, तर तो बिचारा सांभाळणार काय?

सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. मी वाचलेल्या एका मसुद्यात कामाच्या यादीत ‘बसस्थानकाचे काँक्रिटीकरण’ असं कलम होतं. त्या मंडईच्या आसपास बसस्थानक नव्हतंच. दुसऱ्या गावाची निविदा उचलून फक्त नाव बदललं होतं. त्याच गावात ओट्यांची मोजणी भरदुपारी झाली होती. पहाटे पाचला जाऊन पाहिलं, तर ओट्यांच्या मधल्या वाटेत पोती अंथरून मेथी-कोथिंबिरीच्या जुड्या लावलेल्या बायका बसलेल्या. नऊ वाजेपर्यंत माल संपवून त्या एसटीनं परत जातात. मोजणीच्या कागदावर त्यातली एकही नव्हती. नव्या इमारतीत गाळे कितीही देखणे झाले तरी या बायका रस्त्यावरच बसणार आणि मग त्यांनाच अतिक्रमण म्हणणार! पथविक्रेता कायदा २०१४ मध्ये सर्वेक्षण आणि नगर पथविक्रेता समिती या दोन्ही गोष्टी सांगितल्या आहेत. समितीत किमान ४० टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांचे हवेत. सल्लागार यायच्या आधी ही समिती बसवा, मोजणी पहाटे करा आणि ती यादी निविदेला जोडा.

जमिनीचंही तसंच. धारावीच्या पुनर्विकासात २०१९ मध्ये सेकलिंक या कंपनीची ७,२०० कोटींची बोली सर्वांत वरची ठरली होती. मधल्या काळात रेल्वेची जमीन प्रकल्पात आली, सरकारनं ते कारण देऊन २०२० मध्ये निविदाच रद्द केली, २०२२ मध्ये नव्यानं बोली मागवल्या आणि प्रकरण हायकोर्टात गेलं. आपली मंडई लहान असेल, पण मिळकत पत्रिकेवर कोपऱ्यातली चार गुंठे दुसऱ्याच खात्याच्या नावावर निघाली तर खोळंबा तोच. सिटी सर्व्हेचे उतारे आणि विकास आराखड्यातलं आरक्षण आधी तपासा.

आता निवड. सल्लागार एल-१ वर, म्हणजे ज्याचा दर सगळ्यात कमी त्याला, असा निवडू नका. गुणवत्तेला ७० आणि दराला ३० भार ठेवला तर काय होतं ते बघा. सगळ्यात कमी दराला पूर्ण ३०, इतरांना त्या प्रमाणात कमी. अ ला तांत्रिक गुण ९०, दर २ कोटी. ब ला ७२ गुण, दर दीड कोटी. अ चे ६३ अधिक २२.५, एकूण ८५.५. ब चे ५०.४ अधिक ३०, एकूण ८०.४. अ निवडला जातो. एल-१ लावला असता तर ब आला असता. साठ कोटींच्या कामात तुम्ही पन्नास लाख वाचवले असते आणि नकाशे दुरुस्त करण्यात दोन पावसाळे घालवले असते.

फी प्रकल्प खर्चाच्या टक्क्यांत देऊ नका. खर्च वाढला की सल्लागाराचं बिल वाढतं, मग खर्च आवरायला त्यानं का झटावं? रक्कम ठरवून टाका आणि टप्प्याटप्प्यानं द्या. गाळेधारकांची तात्पुरती सोय झाल्यावर काही, परवानगी मिळाल्यावर काही, आणि शेवटचा हप्ता गाळ्यांचा ताबा दिल्यावर.

करारातून बाहेर पडायची वाटही आधीच लिहून ठेवा. आंध्र प्रदेशच्या नव्या राजधानीत, म्हणजे तिथल्या अमरावतीत, ६.८४ चौरस किलोमीटरच्या स्टार्ट-अप भागासाठी सिंगापूरच्या कंपन्यांचा गट २०१७ मध्ये मुख्य विकसक म्हणून नेमला गेला. सरकार बदललं आणि नोव्हेंबर २०१९ मध्ये तो प्रकल्प बंद झाला. पालिकेतही दर पाच वर्षांनी सभागृह बदलतं. नकाशे, मातीचे अहवाल आणि मोजणीच्या मूळ फाइल्स पालिकेच्या मालकीच्या राहतील हे कलम असेल, तर पुढच्यांना शून्यापासून सुरुवात करावी लागत नाही.

पालिकेकडून एक नगर अभियंता याच कामाला बांधून द्या, आणि सल्लागाराला उत्तर देण्याचा अधिकार त्याला ठरावानं द्या. नाहीतर प्रत्येक नकाशा सर्वसाधारण सभेच्या वाटेवर अडकतो.

शेवटचं सादरीकरणाबद्दल. निविदेत ज्येष्ठ वास्तुविशारदाचा बायोडेटा असतो, कार्यादेश निघाल्यावर साइटवर कालच पास झालेला मुलगा येतो. म्हणून ज्याचं नाव टीम लीडर म्हणून दिलंय त्यालाच सल्लागार निवडणाऱ्या समितीपुढे सादरीकरणाला बोलवा, आणि परवानगीशिवाय तो बदलला तर दंड लावा. स्लाइड सुरू व्हायच्या आधी त्याला विचारा, पहाटे मंडईत टेम्पो किती येतात आणि ते कुठे उभे राहतात? जागेवर जाऊन आलेला माणूस लगेच उठून नकाशावर बोट ठेवतो.