इडिटारॉडची सुरुवात बघायला निघालात? या चुका टाळा

इडिटारॉड ही अलास्कातली, कुत्र्यांनी ओढायच्या स्लेजची म्हणजे बर्फावरच्या घसरगाडीची शर्यत. ती दोनदा सुरू होते, आणि निम्मे घोळ तिथेच होतात. मार्चच्या पहिल्या शनिवारी सकाळी दहाला अँकरेजच्या फोर्थ ॲव्हेन्यूवर होतो तो सोहळा. शहरातून कॅम्पबेल एअरस्ट्रिपपर्यंत साधारण 18 किलोमीटरचा फेरा, आणि त्याची वेळ शर्यतीत धरतच नाहीत. स्लेजमध्ये सामानाऐवजी लिलावात बोली लावून जागा मिळवलेला पाहुणा बसलेला असतो. कुत्रीही शर्यतीपेक्षा कमी जुंपतात. नोम गावापर्यंतची सुमारे 1,600 किलोमीटरची खरी शर्यत सुटते रविवारी दुपारी दोनला, विलो गावातून.

शनिवारी ‘एवढंच का पळतात?’ म्हणून हिरमुसणारे बरेच दिसतात. ताज्या दमाची कुत्री गर्दीत आवरायची, म्हणून मशर, म्हणजे स्लेज हाकणारा, ब्रेकवरचा पाय सहसा उचलत नाही. शहर, गर्दी, कुत्री जवळून बघायची असतील तर शनिवार. सामानाने लादलेली स्लेज, कुत्र्यांचा पूर्ण चमू आणि गोठलेल्या तळ्यावरून निघालेली रांग बघायची असेल तर रविवार. विलो अँकरेजपासून सुमारे 110 किलोमीटरवर आहे. सगळे एकाच रस्त्याने जातात, त्यामुळे दोनसाठी बाराला निघालात तर गाडीतच शर्यत सुटेल.

विलोच्या आसपासचं हॉटेल पैसे परत न मिळणाऱ्या दराने कधीच घेऊ नका. बर्फ कमी पडला की सुरुवात फेअरबँक्सला हलते. 2003, 2015, 2017 आणि 2025 मध्ये तेच झालं. फेअरबँक्स अँकरेजपासून गाडीने जवळपास 580 किलोमीटर, आणि 2025 मध्ये शर्यत सुटली ती सोमवारी. शनिवारच्या सोहळ्यालाही कात्री लागू शकते. 2016 मध्ये तर रस्त्यावर पसरायला बर्फ फेअरबँक्सहून आगगाडीने आणावा लागला होता.

भारतात बसून थेट प्रक्षेपण बघणाऱ्यांची गडबड घड्याळाची. मार्चच्या सुरुवातीला अलास्का आपल्या साडेचौदा तास मागे असतं. म्हणजे शनिवारचा सोहळा आपल्याकडे रात्री साडेबाराला, आणि तोवर वार रविवार झालेला असतो. विलोची सुरुवात सोमवारी पहाटे साडेचारला. यात एक खोच आहे: अमेरिकेतली घड्याळं मार्चच्या दुसऱ्या रविवारी तासभर पुढे जातात. 1 मार्चलाच रविवार आला, जसा 2026 मध्ये, की विलोची सुरुवात नेमकी त्याच दिवशी येते. मग साडेचारचा गजर लावणारे एक तास उशिरा उठतात. त्या वर्षी साडेतीनचा लावायचा.

‘माझा मशर कधी येणार?’ हे विचारत बसण्यापेक्षा त्याचा बिब नंबर, म्हणजे अंगावर लावलेला क्रमांक, बघा. चमू दोन-दोन मिनिटांनी सुटतात. 1 नंबर मानकऱ्यासाठी राखीव असतो, स्पर्धक 2 पासून सुरू होतात. कुणी गळालं नाही तर 2 नंतर 30 नंबर 56 मिनिटांनी येतो. आधी निघाला म्हणजे फायदा झाला, असंही समजू नका. वाटेत 24 तासांची सक्तीची विश्रांती असते, तिथे हा फरक वळता करतात. 34 स्पर्धक असतील तर शेवटचा बरोबर 24 तास थांबतो, पहिला त्याहून 66 मिनिटं जास्त.

कुत्र्यांच्या बाबतीत मात्र ढिलाई नको. घरचं कुत्रं आणू नका. शिट्टी मारू नका, नावाने हाका घालू नका. पुढच्या जोडीने एकदा मान वळवली की मागच्यांचा दोर सैल पडतो आणि पाय अडकतात. चिप्सचं रिकामं पाकीट वाटेवर पडलं तरी एखादं कुत्रं पळता पळता ते उचलतं. आणि भलेमोठे, लांब केसांचे हस्की शोधू नका. हे अलास्कन हस्की, साधारण 20 ते 25 किलोचे, सडपातळ. सुटण्याआधी दोर ताणून उड्या मारत कान किटवणारी हीच कुत्री ‘हाईक!’ ऐकून सुटली की एकदम गप्प होतात. व्हिडिओ घेणारे भुंकणं टिपून तेवढ्यातच बंद करतात. ती शांतताही घ्या.

थंडी पायातून शिरते. दाबलेल्या बर्फावर तीन तास उभं राहायचं तर बुटात बोटं हलली पाहिजेत. दोन जाड मोजे कोंबले तर रक्त फिरत नाही आणि पाय उलट जास्त गारठतात. एकच लोकरी मोजा, सुती अजिबात नाही, आणि पायाखाली फोमचा तुकडा. कॅमेऱ्याची जादा बॅटरी आतल्या खिशात ठेवा. उबदार खोलीत शिरण्याआधी कॅमेरा झिप पिशवीत बंद करा, नाहीतर लेन्सवर दव धरतं. आणि बर्फ फोटोत करडा येतो, म्हणून एक्सपोजर एक घर वर.

सुरुवातीच्या कमानीपाशी गर्दी करण्यापेक्षा फोर्थ ॲव्हेन्यू आणि कॉर्डोव्हाचा कोपरा गाठा. ‘जी!’ म्हटलं की चमू उजवीकडे वळतो. लीड डॉग, म्हणजे सगळ्यात पुढची कुत्री, आधी वळतात, दोर आत खेचला जातो, आणि स्लेजला खेटून असलेली शेवटची जोडी, व्हील डॉग, बाहेरच्या बाजूला जोर लावते, तेव्हा कुठे स्लेज कोपरा न कापता वळते. मात्र वळणाच्या बाहेरच्या कठड्याला चिकटून उभे राहू नका. स्लेजचं शेपूट तिकडेच फेकलं जातं.