गाडीवरचं जुनं सिरॅमिक कोटिंग कसं उतरवावं आणि नवं कसं चढवावं

बॉनेटवर टाकलेलं पाणी थेंब होऊन घरंगळायचं थांबलं, की सिरॅमिक कोटिंग, म्हणजे रंगाच्या रक्षणासाठी चढवलेला पातळ, कडक थर, ‘गेलं’ असं धरून लोक थेट नव्याचे भाव विचारायला लागतात. बऱ्याचदा ते गेलेलं नसतं, त्यावर मळाचा थर बसलेला असतो. बोअरवेलच्या किंवा टँकरच्या जड पाण्यातले क्षार, रस्त्यावरच्या डांबराचे बारीक ठिपके, ब्रेकमधून उडणारी लोखंडाची भुकटी, आणि गाडी आंब्याखाली उभी राहत असेल तर तुडतुड्यांचा चिकटा. हा चिकटा झाडाचा डिंक समजून लोक झाडाला दोष देतात, पण काम किड्यांचं असतं.

आधी तपासायचं ते एवढ्यासाठी, की कोटिंग उतरवायचं म्हणजे मशीन लावून घासायचं, आणि घासताना कोटिंगबरोबर रंगावरचा पारदर्शक थर, म्हणजे क्लिअर कोटही, थोडा जातोच. कंपनीतून आलेल्या गाडीवर पत्र्यापासून वरपर्यंतचे सगळे थर मिळून साधारण ९० ते १४० मायक्रॉन भरतात. त्यात क्लिअर कोट ३५ ते ५०. कोटिंग स्वतः जेमतेम एक-दोन मायक्रॉनचं. कटिंग कंपाउंडचा (घासून थर उतरवणाऱ्या पेस्टचा) एक हात फिरला की दोन ते चार मायक्रॉन गेले. गाडीच्या सगळ्या आयुष्यात मिळून आठ-दहा मायक्रॉनच्या पुढे जायचं नाही, असा हिशोब धरून चला. उन्हातल्या अतिनील किरणांपासून रंगाला जपणारा थर म्हणजे हा क्लिअर कोटच. तो फार पातळ झाला की काही वर्षांत छतावर आणि बॉनेटवर पांढरे पापुद्रे सुटायला लागतात, आणि मग पेंटिंगशिवाय उपाय उरत नाही.

आधी एक चौरस फूट

बॉनेटचा एक कोपरा घ्या. गाडी सावलीत आणि पत्रा गार हवा. वॅक्स नसलेल्या शाम्पूने तेवढा भाग धुवा. त्यावर आयर्न रिमूव्हर फवारून तीन-चार मिनिटं थांबा. जांभळे ओघळ उतरले, तर लोखंडाची भुकटी होती. वास कुजक्या अंड्यासारखा येतो, त्याला इलाज नाही. तो वाळण्याआधी भरपूर पाण्याने धुवा. डांबराच्या ठिपक्यांना टार रिमूव्हर लावा. शेवटी क्षारांसाठी पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं घेऊन कापड भिजवा, मिनिटभर पत्र्यावर ठेवा आणि धुऊन टाका. वॉटर स्पॉट रिमूव्हर असेल तर तो जास्त बरा. संडास साफ करायचं ॲसिड मात्र चुकूनही वापरू नका. त्यातलं हायड्रोक्लोरिक आम्ल क्रोम आणि ॲल्युमिनियम खातं.

आता पाणी मारून बघा. गोल, टपोरे थेंब परत दिसले तर कोटिंग जिवंत आहे. सगळी गाडी अशीच धुवा, वर सिलिका असलेला टॉपर स्प्रे (कोटिंगला ताजंतवानं करणारा फवारा) मारा आणि काम संपलं. कोपऱ्यावर पाणी सपाट पसरून राहिलं, तर तोच प्रयोग दरवाजावर करा. ऊन आणि पाखरांची विष्ठा झेलणारे बॉनेट, छत आणि डिक्की आधी मरतात, दरवाजे बऱ्याचदा टिकून असतात. अशा वेळी तेवढे तीन आडवे पत्रे उतरवून नव्याने केले तरी चालतं. दुकानात हे सहसा सुचवत नाहीत, कारण पॅकेज अख्ख्या गाडीचं असतं.

कशाने निघत नाही

भांड्यांचा साबण, पेट्रोल, रॉकेल, थिनर, आयसोप्रोपिल अल्कोहोल, यांतल्या कशानेही पक्कं झालेलं कोटिंग निघत नाही. ते पत्र्यावर काचेसारखं जाळं विणून बसलेलं असतं. वॅक्स आणि सीलंट अशा द्रावकांनी निघतात, त्यावरून हा गैरसमज पसरला. थिनरने कोटिंग जात नाही, पण बाहेर री-पेंट केलेला पत्रा आणि प्लॅस्टिकची पट्टी मात्र जाते. उरतो तो एकच मार्ग, पॉलिशिंग.

तोही सगळीकडे चालत नाही. मॅट रंगाला मशीन लावायचं नाही, चकाकी आली की ती परत घालवता येत नाही. पीपीएफ (रंगावर चिकटवलेली पारदर्शक संरक्षक फिल्म) लावलेल्या भागावर कटिंग कंपाउंड नको. नुकता पेंट केलेला पत्रा असेल तर पेंटरला विचारून साधारण महिनाभर थांबा.

सामान

ड्युअल ॲक्शन पॉलिशर (पॅड फिरवतानाच लहान वर्तुळात हलवणारं मशीन), १५ मिलिमीटर थ्रोचं, म्हणजे त्या वर्तुळाचा व्यास १५ मिलिमीटर, पाच इंची बॅकिंग प्लेटसह, म्हणजे पॅड बसतो त्या चकतीसह. नाक्यावर ‘रबिंग’ करतात ते रोटरी मशीन नवख्याच्या हातात देऊ नये. ते एकाच जागी गरगर फिरतं, उष्णता साठते, आणि हात सराईत नसेल तर उन्हात गाडीवर होलोग्राम, म्हणजे मशीनच्या वाटेचे लाटांसारखे चमकते पट्टे, दिसतात. तीन मायक्रोफायबर कटिंग पॅड, चार-पाच फोम पॉलिशिंग पॅड, कंपाउंड आणि फिनिशिंग पॉलिश प्रत्येकी २५० मिलि, पॅनेल वाइप (तेलाचा अंश पुसून काढणारं द्रावण) अर्धा लिटर, क्ले बार (पत्र्याला चिकटलेली घाण उचलणारी मऊ वडी), मास्किंग टेप, आखूड लव असलेले १५ मायक्रोफायबर, एक तीव्र टॉर्च, नायट्राइल हातमोजे आणि द्रावकांच्या वाफा अडवणारा मास्क. धुळीचा साधा मास्क कोटिंगच्या वाफेला पुरत नाही. कोटिंग हॅचबॅकला एका हाताला २० ते २५ मिलि लागतं, सेडानला ३०, मोठ्या एसयूव्हीला ४० ते ५०. पेंट थिकनेस गेज मिळालं तर उत्तमच. फक्त ते एकूण जाडी सांगतं, एकट्या क्लिअर कोटची नाही, आणि प्लॅस्टिकच्या बंपरवर ही साधी यंत्रं चालत नाहीत. एखाद्या दरवाजावर आकडा २५० मायक्रॉनच्या वर गेला तर तो री-पेंट आहे, ५०० च्या वर गेला तर खाली पुट्टी आहे.

दोन पूर्ण दिवस आणि त्यानंतर चोवीस तास छताखाली उभी करायला जागा हवी. महाराष्ट्रात नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे दिवस सगळ्यात सोयीचे. पावसाळ्यात हवेतल्या दमटपणामुळे कोटिंग पुसण्याआधीच धरतं. विदर्भातल्या मे महिन्यात पत्राच इतका तापतो, की सावलीतही काम होत नाही.

उतरवणं

सगळी गाडी वर सांगितल्याप्रमाणे धुवा, मग शाम्पूच्या पाण्याचा ओलावा ठेवून क्ले फिरवा. क्ले जमिनीवर पडला तर तो तुकडा टाकून द्या. काळी प्लॅस्टिकची पट्टी, रबर आणि दिव्यांच्या कडा टेपने झाका. कंपाउंड काळ्या प्लॅस्टिकवर वाळलं, की त्याचे पांढरे डाग दाताच्या ब्रशने घासत बसावं लागतं.

पत्र्याच्या कडा आणि धारदार बॉडी लाइनवरही टेप मारा. ओला रंग धारेवरून मागे ओढला जातो, त्यामुळे तिथला थर मुळातच पातळ असतो. रंग फुटतो तो बहुतेक वेळा इथेच. टेप काढल्यावर तो बोटभर पट्टा हातानेच, हलकेच घासा.

सुरुवात सगळ्यात सौम्य जोडीने करा: फोम पॉलिशिंग पॅड आणि फिनिशिंग पॉलिश. तेवढ्याने कोटिंग निघालं तर पुढे जायची गरजच नाही. नाही निघालं तरच कटिंग पॅड आणि कंपाउंड घ्या. कोरडा पॅड आधी कंपाउंडने हलका माखून घ्या, मग हरभऱ्याएवढे चार-पाच थेंब. दीड ते दोन फुटांचा चौकोन ठरवा. पहिल्या वेगावर कंपाउंड पसरवा, मग वेग चार-पाचवर. हात अगदी सावकाश, फुटभर अंतराला दहा सेकंद. आधी आडवे, मग उभे, असे मिळून चार ते सहा फेरे, प्रत्येक फेरा आधीच्या फेऱ्यावर निम्मा चढलेला.

बॅकिंग प्लेटच्या कडेला मार्करने एक जाड रेघ मारून ठेवा. मशीन चालू असताना ती रेघ फिरताना दिसली पाहिजे. ती एका जागी थरथरत राहिली, तर तुम्ही जास्त दाबताय किंवा मशीन तिरपं धरलंय, आणि पॅड कापत नाहीये, नुसता तापवतोय. गोलाईच्या पत्र्यावर हे सारखं होतं. अधूनमधून पत्र्याला हाताची मागची बाजू लावा. चटका बसला तर थांबा. बंपरवर याहून लवकर थांबा, कारण प्लॅस्टिक उष्णता पुढे पसरवत नाही.

जुनं कोटिंग असेपर्यंत पॅड कडक काचेवरून घसरल्यासारखा जातो किंवा मध्येच अडखळतो, आणि कंपाउंडचा कोरडा भुगा होतो. ते गेलं की मशीनचा आवाज मऊ होतो आणि पॅड सरळ चालतो. पण कानावर विसंबू नका. चौकोन पॅनेल वाइपने दोनदा पुसा आणि पाणी मारा. पाणी सपाट पसरलं तर कोटिंग गेलं. पॅनेल वाइपशिवाय केलेली ही चाचणी फसवते, कारण कंपाउंडमधल्या तेलामुळेही पाण्याचे थेंब होतात.

प्रत्येक चौकोनानंतर पॅड ब्रशने झाडा, दोन पत्र्यांनंतर बदला. निघालेलं कोटिंग त्यातच अडकलेलं असतं, तसाच पॅड फिरवला तर नवे ओरखडे पडतात. आणि पॅडवर गाडीचा रंग दिसला, म्हणजे लाल गाडीवर पॅड लाल झाला, तर जागच्या जागी थांबा. एक तर रंगावर क्लिअर कोटच नाही, किंवा तो तुम्ही आत्ताच पार केलात.

नखाला अडकणारा ओरखडा घालवायच्या नादी लागू नका. तो बहुतेक वेळा क्लिअर कोटच्या पार गेलेला असतो. काळ्या, गडद निळ्या गाडीला कटिंगनंतर फोम आणि फिनिशिंग पॉलिशचा हात लागतोच, नाहीतर टॉर्चमध्ये धुरकट दिसतं. पांढऱ्या गाडीत ही धुरकट छटा जवळजवळ दिसत नाही.

चढवणं

दुसऱ्या दिवशी गाडी साध्या शाम्पूने परत धुवा. फटींमधला भुगा नुसत्या पुसण्याने निघत नाही. धुतल्यावर ब्लोअरने आरसे, हँडल, दिव्यांच्या आणि नंबर प्लेटच्या मागचं पाणी उडवून द्या. ओल्या कोटिंगवर आरशातून ओघळलेला एक थेंब अख्खा दरवाजा बिघडवतो. मग पॅनेल वाइप दोनदा, दर वेळी कोरडं कापड.

सुरुवात बॉनेटपासून करू नका. दरवाजाच्या खालच्या भागावर आधी हात बसवा. ॲप्लिकेटरवर गुंडाळलेल्या सुएड कापडावर पहिल्यांदा दहा-बारा थेंब, पुढे दर चौकोनाला पाच-सहा. दोन फुटांच्या चौकोनात आडवं, मग उभं लावा. आता टॉर्च तिरपी धरून बघा. ओल्या रस्त्यावर पेट्रोल सांडल्यावर दिसतात तसे रंग आधी दिसतील, मग थराला घाम फुटल्यासारखे बारीक ठिपके येतील. पुसायची वेळ ती. बाटलीवर लिहिलेली मिनिटं गार, कोरड्या खोलीतली असतात. मुंबईच्या दमट हवेत हे वीस-तीस सेकंदांत होतं, पुण्यात डिसेंबरच्या सकाळी दोन-तीन मिनिटं लागू शकतात. पहिल्या कापडाने जास्तीचं उचला, दुसऱ्याने चमक काढा, आणि पाच मिनिटांनी तिरप्या उजेडात परत बघा.

पुसायचं राहिलेलं ठिकाण गडद, तेलकट डागासारखं दिसतं. याला हाय स्पॉट म्हणतात. तासाभरात सापडला तर त्यावरच थोडं ताजं कोटिंग लावा. खालचं मऊ होतं आणि लगेच पुसून घेता येतं. दुसऱ्या दिवशी सापडला तर तेवढी जागा फिनिशिंग पॉलिशने घासून तिथे नव्याने कोटिंग करावं लागतं. म्हणून घाई करायची तर लावण्यात करा, बघण्यात नको.

सुएड कापड दोन-तीन पत्र्यांनंतर बदला. कोटिंग कापडातच कडक होतं आणि कापड कानशीसारखं वागायला लागतं. वापरलेले मायक्रोफायबर पाण्यात भिजवून टाकून द्या, धुऊन परत गाडीला लावू नका. दुसरा हात द्यायचा तर बाटलीवर दिलेल्या अंतराने द्या. त्याने जाडी दुप्पट होते असं मानू नका, पहिल्या हातात सुटलेल्या जागा झाकल्या जातात हा त्याचा खरा उपयोग. ‘९एच’ हा आकडाही पेन्सिलच्या शिशाच्या मोजपट्टीवरचा आहे. हायवेवर उडालेला खडा त्याला जुमानत नाही.

पहिले चोवीस तास पाणी नको. थंडीत खरा धोका पावसाचा नसून पहाटेच्या दवाचा असतो, त्यामुळे गाडी छताखालीच हवी. आठवडाभर शाम्पू नाही, गाडीचं कव्हरही नाही. पाखरू घाण करून गेलं तर ओलं कापड त्यावर ठेवून नुसतं उचलून घ्या, घासू नका.

उघडलेली बाटली काही दिवसांत तोंडाशी खडे धरायला लागते. उरलेलं त्याच दिवशी हेडलाइटवर, हँडलमागच्या वाट्यांत आणि दरवाजांच्या कडांवर संपवून टाका. गेज वापरलं असेल तर प्रत्येक पत्र्याचा पॉलिशनंतरचा आकडा तारखेसह सर्व्हिस बुकमध्ये लिहून ठेवा, पुढच्या वेळी मशीन लावायचं की नाही हे त्यावरूनच ठरेल.