स्टिरॅपमध्ये रेणू हरवतायत? या चुका टाळा

स्टिरॅप म्हणजे दोन लेझरच्या पल्सनी अतिथंड अणूंच्या सैल जोड्यांना घट्ट रेणूंच्या सर्वांत कमी ऊर्जेच्या, म्हणजे तळाच्या, अवस्थेत उतरवायची पद्धत. रेणूंचा सिग्नल पडला की लेझरची पॉवर वाढवायची, ही पहिली खोड सोडा. आधी ऑसिलोस्कोपवर दोन्ही लेझरच्या फोटोडायोडचे (प्रकाश मोजणाऱ्या सेन्सरचे) पल्स एकावर एक ठेवून बघा.

कोलोरॅडोतल्या जिला प्रयोगशाळेत २००८ साली डेबोरा जिन आणि जून ये यांच्या गटाने पोटॅशियम-रुबिडियमचे रेणू तळाच्या अवस्थेत उतरवले. ५४६ गाउसजवळच्या फेशबाख रेझोनन्सवरून (जिथे चुंबकीय क्षेत्रामुळे सुटे अणू आणि सैल जोडी यांची ऊर्जा जुळते) चुंबकीय क्षेत्र सावकाश सरकवून त्यांनी अणूंच्या सैल जोड्या जमवल्या, मग दोन लेझरनी त्या घट्ट केल्या. ९७० नॅनोमीटरचा ‘पंप’ लेझर जोडीला वरच्या उत्तेजित अवस्थेशी जोडतो, ६९० चा ‘स्टोक्स’ लेझर त्या अवस्थेला तळाशी.

साहजिक वाटतं की पंप आधी हवा. नेमकं उलट! इथे आधी कळस, मग पाया. स्टोक्स आधी चढलेला असतो, तो उतरत असताना पंप चढतो, आणि मधे दोघांचा काही मायक्रोसेकंद ओव्हरलॅप. तेव्हाच जोडी वरच्या अवस्थेत न थांबता खाली येते. पंप आधी लागला तर ती वरच्या अवस्थेत चढते आणि प्रकाश टाकून भलत्याच पातळ्यांत विखुरते.

क्रम बरोबर असूनही रेणू जात असतील, तर संशय लेझरच्या फेजवर घ्या. दोन्ही लेझरच्या वारंवारतेतला फरक सुमारे १२५ टेराहर्ट्झ, आणि तो सांभाळायचा किलोहर्ट्झच्या पातळीवर. लॉक (लेझरची वारंवारता बांधून ठेवणारी यंत्रणा) स्क्रीनवर छान दिसतो, पण सर्व्हो बंप, म्हणजे त्या यंत्रणेनेच वाढवलेला फेजचा नॉइज, तिथे कळत नाही. बीट नोट (दोन प्रकाशांच्या वारंवारतेतल्या फरकाचा सिग्नल) स्पेक्ट्रम अॅनालायझरवर पाहा. पल्स लांबवला तर अशा लेझरवर हाल वाढतात, फार आखडला तर अॅडियाबॅटिकता, म्हणजे बदलाचा पुरेसा सावकाशपणा, तुटते. चुंबकीय क्षेत्र डळमळलं तरी दोन-फोटॉन रेझोनन्स, म्हणजे लेझरच्या वारंवारतेतला फरक आणि पहिल्या-शेवटच्या अवस्थांमधलं अंतर यांचा मेळ, सरकतोच.

मोजणीतही घोळ होतो. रेणूंचा फोटो थेट निघत नसल्याने स्टिरॅप उलटा चालवून त्यांना पुन्हा सैल जोड्या करतात. परतलेले ६४ टक्के म्हणजे एका बाजूची कार्यक्षमता ६४ नव्हे, ८० टक्के (०.८ × ०.८ = ०.६४). तीही मधल्या वेळात काही गेलं नसेल तर.

आणि जातंच. उरलेला पोटॅशियम रेणूला धडकला की पोटॅशियमची जोडी होते, रुबिडियम सुटतो. म्हणून सुटे अणू आधी प्रकाशाने उडवून द्या. हे रेणू आपसातही अभिक्रिया करतात, त्यामुळे पल्सची कार्यक्षमता तपासताना होल्ड टाइम (रेणू तळाशी थांबवून ठेवायचा वेळ) शून्याजवळच ठेवा.