एल्ब्रुसला निघताय? या चुका गावातच टाळा

हल्ली विदर्भातल्या तालुक्याच्या गावीही चौकात असा बॅनर लागतो: 'युरोपातील सर्वोच्च शिखरावर तिरंगा फडकवण्यासाठी रवाना'. हार घातलेला फोटो आणि खाली वर्गणी देणाऱ्यांची नावं. हे शिखर म्हणजे रशियातल्या कॉकेशस रांगेतलं एल्ब्रुस. उंची ५,६४२ मीटर, बर्फाखाली निजलेला ज्वालामुखी. नेहमीच्या वाटेवर उभे कडे नाहीत आणि ३,८४७ मीटरवरच्या गराबाशीपर्यंत केबल कार जाते, म्हणून सोपं शिखर अशी त्याची ख्याती झाली. माणसं फसतात ती या ख्यातीमुळेच.

सगळ्यात मोठी चूक त्या बॅनरचीच. पोरगा १५ ऑगस्टची तारीख जाहीर करून निघतो, परतीचं तिकीट पक्कं असतं आणि गाव सत्काराची तयारी करून बसलेलं असतं. मग वर हवा बिघडली तरी मागे फिरायची हिंमत होत नाही. २३ सप्टेंबर २०२१ ला एल्ब्रुसवर १९ जणांची तुकडी वादळात सापडली आणि पाच जण गेले. बॅनर परत आल्यावर लावा, वर्गणीदारांना तारीख देऊ नका आणि वेळापत्रकात हवामानासाठी दोन-तीन दिवस मोकळे ठेवा.

मागे फिरायची वेळही खालीच, डोकं ताळ्यावर असताना ठरवा. रात्री एक-दोनला निघून दुपारी बारा-एकपर्यंत शिखर आलं नाही, तर जिथे असाल तिथून परत. दुपारी ढग चढले की पांढऱ्या बर्फात पांढरं धुकं मिसळतं. शंकूच्या आकाराच्या डोंगरावर कुठल्याही दिशेला पाय टाका, उतारच लागतो. त्यामुळे माणूस वाटेवरच्या झेंड्यांपासून भरकटतो तरी त्याला आपण नीटच उतरतोय असं वाटतं, आणि तो हिमभेगांच्या पट्ट्यात जातो. जीपीएसवर वाट आधी भरून ठेवा आणि वाटाड्याला सोडू नका.

दुसरी चूक भरतीच्या पोरांची. सोळाशे मीटर सपाट्यानं मारणाऱ्याला वाटतं, दम आहे तर डोंगर काय चीज! पण आपलं चिखलदरा जेमतेम अकराशे मीटर आणि राज्यातलं सर्वात उंच कळसूबाई १,६४६. विरळ हवेची सवय इथे कितीही धावून होत नाही. एल्ब्रुसच्या माथ्यावर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास निम्मा असतो, आणि जो जोशात भरभर चढतो त्यालाच आधी त्रास होतो. तीन हजार मीटरच्या वर झोपण्याची उंची दिवसाला पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, असा साधारण नियम आहे. खाली पायथ्याच्या तेर्स्कोल गावी मुक्काम, शेजारच्या चेगेट डोंगरावर चढउतार, मग गराबाशी, तिथून वाटेवरच्या पास्तुखोव खडकांपर्यंत जाऊन परत, एक दिवस आराम आणि नंतरच शिखर. यातला एखादा दिवस वाचवायचा मोह होतोच. वर बर्फावर चालणारी रॅट्रॅक गाडी मिळते. ती पाय वाचवते, पण शरीराला उंचीची सवय लावत नाही.

डोकं दुखतंय, जेवण नको वाटतंय, मळमळतंय, तरी आपला गडी म्हणतो, "काही नाही बावा, ऊन लागून रायलं." अशा वेळी पेनकिलर खाऊन पुढे चढणं हा शुद्ध मूर्खपणा आहे. तिथेच थांबा, त्रास वाढला तर उतरा. डायमॉक्स, म्हणजे उंचीच्या त्रासावरची गोळी, घ्यायची का, किती, हे निघण्याआधी डॉक्टरला विचारा आणि सल्फाची ॲलर्जी असेल तर तेही सांगा.

आपल्या भागासाठी एक गोष्ट वेगळी सांगायला हवी: सिकलसेलची तपासणी. गडचिरोली, चंद्रपूर, मेळघाटात हा आजार घरोघरी माहीत आहे. एएस पॅटर्नच्या, म्हणजे आई किंवा बाप एकाकडूनच सिकलसेलचा दोष आलेल्या माणसाला घरी सहसा काही त्रास नसतो, म्हणून तो बिनधास्त असतो. पण प्राणवायू घटला की त्याच्याही लाल पेशी वाकून प्लीहेत अडकू शकतात. डाव्या बरगडीखाली जोराची कळ आली तर लगेच खाली उतरायचं. एएस असाल तर डॉक्टरांशी बोलल्याशिवाय तिकीट काढू नका. एसएस, म्हणजे दोघांकडूनही दोष आलेला प्रत्यक्ष आजार असेल, तर हा बेतच नको.

आणि तंबाखू-सुपारीचा खर्रा. त्याच्या पुड्या बांधून नेणारे महाभाग आहेत! निकोटीननं बोटांच्या रक्तवाहिन्या आकसतात, थंडीनं आधीच आकसलेल्या असतात, आणि हिमदंश बोटांपासूनच सुरू होतो.

कापसाच्या मुलखात हे बोलणं जिवावर येतं, पण अंगाला सुती बनियन नको. घामानं भिजलं की ते वाळत नाही आणि थांबल्याबरोबर हुडहुडी भरते. आत सिंथेटिक किंवा लोकरीचं, वर वारा अडवणारं जाकीट. बूट तिथे भाड्यानं मिळतात; जाड मोजे घालूनच मापून घ्या. क्रॅम्पॉन, म्हणजे बुटाखालचे लोखंडी दाते, बांधायचा सराव मात्र घरीच करा. रात्री अंगणातला दिवा मालवून, हातात जाड हातमोजे घालून, फक्त हेडटॉर्चच्या उजेडात. पट्टा बकलातून उलटा ओवला जातो, टोक लोंबत राहतं आणि दुसऱ्या पायाचा दात त्यात अडकतो. अंगणात हसू येईल. उतारावर माणूस तोंडावर पडतो. टॉर्चचे जादा सेल अंगालगतच्या खिशात ठेवा, थंडीत ते लवकर मान टाकतात.

पैशांचं थोडक्यात: मार्च २०२२ पासून रशियाबाहेरच्या बँकांची व्हिसा आणि मास्टरकार्ड तिथे चालत नाहीत. रोख डॉलर किंवा युरो न्या.

नुसतं बर्फात खेळायला, स्कीइंगला जाणाऱ्या कुटुंबांचीही एक ठरलेली चूक आहे: पोहोचल्या दिवशीच लेकराबाळांसह केबल कारनं थेट गराबाशी. पहिला दिवस खालीच काढा, दुसऱ्या दिवशी मधल्या स्टेशनपर्यंत जा. ढगाळ हवेतही काळा चष्मा काढू नका आणि आखलेल्या उतारांबाहेर स्की नेऊ नका. केबल कार दुपारनंतर बंद होते, तेव्हा शेवटच्या गाडीची वेळ वर जाण्याआधीच विचारून घ्या. कुणाचा तोल जात असेल किंवा बसल्या जागी धाप लागत असेल तर त्या वेळेची वाट न पाहता मिळेल त्या गाडीनं खाली आणा.