हीट पंप चालू, तरी फरशी गार: पाणी कुठे अडतंय ते कसं शोधावं

ब्रिटन, आयर्लंड, नेदरलँड्स, जर्मनी इथं नव्या घरात राहायला गेलेल्या आपल्या मंडळींकडे आता बऱ्याचदा गॅस बॉयलरच्या जागी हीट पंप (बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून पाणी तापवणारं विजेवरचं मशीन) असतो आणि फरशीखाली गरम पाण्याच्या पाइपांची वेटोळी असतात. थंडी सुरू झाली की तक्रारही ठरलेली: बाहेर पंखा फिरतोय, विजेचं बिल चढतंय आणि फरशी मात्र गारच. मग बहुतेक जण पाण्याचं तापमान वाढवतात. ते करू नका. तापमान एक अंशानं वाढवलं की मशीनची कार्यक्षमता साधारण २ ते ३ टक्क्यांनी घटते आणि मूळ दुखणं जागच्या जागी राहतं. मशीन धडधाकट असतं, पाणीच पुरेसं फिरत नसतं, असं फार वेळा निघतं.

यामागचं गणित एकदा समजून घ्या, पुढं सगळं सोपं जाईल. गॅस बॉयलरच्या जुन्या पद्धतीत जाणाऱ्या आणि परत येणाऱ्या पाण्यात २० अंशांपर्यंत फरक धरतात. हीट पंपाला हा फरक ५ अंशांच्या आसपास लागतो. म्हणजे तेवढीच उष्णता घरभर पोचवायला चौपट पाणी फिरायला हवं. हिशेब असा: मिनिटाला किती लिटर, गुणिले तापमानातला फरक, गुणिले ०.०७, की किलोवॅट मिळतात. ८ किलोवॅटच्या मशीनला ५ अंश फरकावर मिनिटाला जवळपास २३ लिटर लागतात. तिथं १२ लिटरच फिरत असतील, तर त्याच फरकावर फक्त ४.२ किलोवॅट उष्णता फरशीपर्यंत जाईल.

आधी मोजा, मग पाना उचला

सगळ्या खोल्यांचे थर्मोस्टॅट वर करा. मॅनिफोल्डवरचे (फरशीतल्या सगळ्या वेटोळ्यांना पाणी वाटून देणाऱ्या जोडणीवरचे) अ‍ॅक्चुएटर, म्हणजे प्रत्येक लूपच्या (वेटोळ्याच्या) डोक्यावरच्या त्या पांढऱ्या टोप्या, उघडायला ३ ते ५ मिनिटं घेतात. नंतर मशीन अर्धा तास सलग चालू द्या. त्या वेळात आंघोळीचं पाणी तापत नाही ना, आणि बाहेरच्या युनिटवरचा बर्फ वितळवण्याचं काम चाललेलं नाही ना, हे बघा, नाहीतर आकडे फसवतात.

आता कंट्रोलरच्या माहितीच्या मेनूमधून तीन आकडे लिहून घ्या: जाणाऱ्या पाण्याचं तापमान, परतीचं तापमान आणि मिनिटाचे लिटर. मॅनिफोल्डपाशी पोचणाऱ्या आणि तिथून निघणाऱ्या पाण्याचं तापमानही हवं. तिथं मापक नसेल तर साधा प्रोब थर्मामीटर पाइपाला चिकटपट्टीनं घट्ट बांधा आणि वरून फडकं गुंडाळा.

हे आकडे काय सांगतात?

मशीनपाशीच फरक ८-१० अंश असेल आणि लिटर कमी, तर पाणी अडतंय: गाळणी तुंबलीय, हवा धरलीय, एखादा व्हॉल्व्ह अर्धवट बंद आहे किंवा पाणी फिरवणाऱ्या पंपाचा वेग कमी आहे. डायकिनच्या अल्थर्मावर ‘७एच’ आणि मित्सुबिशीच्या इकोडॅनवर ‘एल९’ हे कोड याच दुखण्याचे.

फरक जेमतेम २ अंश आणि फरशी गार, तर पाणी जवळच्या वाटेनं परत येतंय. बायपास व्हॉल्व्ह फार सैल लावलेला असतो आणि गरम पाणी फरशीत न शिरताच माघारी फिरतं.

तिसरा प्रकार सगळ्यात जास्त चकवतो. मशीनमधून ३५ अंशांचं पाणी निघतं, पण मॅनिफोल्डवर ३२ चंच पोचतं. मध्ये बफर टाकी (हीट पंप आणि फरशी यांच्यामधली पाण्याची टाकी) असेल, तर हीट पंपाच्या बाजूनं मिनिटाला १५ लिटर येतात आणि फरशीच्या बाजूचा पंप २५ ओढतो, असं चाललेलं असतं. वरचे १० लिटर तो परतीच्या २८ अंशांच्या पाण्यातून घेतो. इथं फरशीकडच्या पंपाचा वेग वाढवला की परिस्थिती आणखी बिघडते. उलट तो एकेक पायरी कमी करा, दोन्हीकडची तापमानं जवळ येईपर्यंत. बफर नसेल तर मॅनिफोल्डवरचा मिक्सिंग व्हॉल्व्ह बघा. बॉयलरच्या तापलेल्या पाण्यात गार पाणी मिसळण्यासाठी तो बसवतात. ३५ अंशांच्या पाण्याला त्याची गरज नसते, तो नुसता अडथळा होतो. तो कमाल आकड्यावर फिरवून ठेवा. कायमचा काढायचा असेल तर ते काम इन्स्टॉलरकडूनच करून घ्या.

गाळणी आणि हवा

मशीनकडे परत येणाऱ्या पाइपावर गाळणी किंवा चुंबकीय फिल्टर असतो. मेन स्विच बंद करा, पाणी निवू द्या, दोन्ही बाजूंचे व्हॉल्व्ह बंद करा, खाली बादली ठेवा आणि मगच टोपण सावकाश सैल करा. नव्या घरात जाळीवर पांढऱ्या टेपचे धागे, तांब्याचा कीस आणि प्लॅस्टिकच्या बारीक कुरतड्या सापडतात. जुन्या रेडिएटरना जोडलेल्या घरात काळाकुट्ट, काजळासारखा चिखल निघतो. तो लोखंडाच्या गंजाचा असतो. जाळी स्वच्छ धुवा, परत बसवा, व्हॉल्व्ह उघडा आणि प्रेशर पाहा. थंड असताना ते १ ते १.५ बार हवं. पाण्यात अँटिफ्रीझ मिसळलेलं असेल तर नुसतं पाणी भरू नका, इन्स्टॉलरला विचारा. प्रेशर पुन्हा पुन्हा उतरत असेल तर गळती किंवा एक्स्पान्शन टाकी (तापून फुगणाऱ्या पाण्याला जागा देणारी) तपासायला हवी.

मॅनिफोल्डवरच्या काचेच्या बारीक नळ्या म्हणजे फ्लो मीटर. आतली लाल चकती शून्यावर अडलीय, खालून गुळगुळ आवाज येतोय आणि अ‍ॅक्चुएटर उघडा आहे, तर त्या लूपमध्ये हवा आहे. आधी अ‍ॅक्चुएटर फिरवून काढा आणि खालची पिन अंगठ्यानं दाबून सोडा. ती उसळून वर यायला हवी. पिन ठीक असेल तर हवा काढायला लागा.

पंप आणि मशीन बंद. मॅनिफोल्डचे दोन्ही मुख्य व्हॉल्व्ह बंद. सगळे लूप बंद करून एकच उघडा ठेवा. फ्लो मीटरच्या बाजूच्या तोटीतून होजनं नळाचं पाणी आत सोडा आणि परतीच्या बाजूच्या तोटीला लावलेली होज बादलीत बुडवा. आधी पाणी बाहेर सोडणारी तोटी उघडा, मग आत घेणारी. बादलीतले बुडबुडे पूर्ण थांबेपर्यंत पाणी चालू ठेवा, तो लूप बंद करा, पुढचा उघडा. घाई करू नका; १०० मीटरच्या लूपमधली हवा यायला वेळ लागतो. प्रेशर २.५ बारच्या आत ठेवा, कारण सेफ्टी व्हॉल्व्ह ३ बारला उडतो. हीटिंगचं मळकं पाणी पिण्याच्या लाइनमध्ये उलटं जाऊ नये म्हणून नळाच्या बाजूला चेक व्हॉल्व्ह हवाच, आणि काम झालं की होज काढून ठेवा.

एवढं करूनही लिटर कमीच दिसत असतील, तर आंघोळीच्या पाण्याच्या टाकीकडे जाणाऱ्या पाइपाला हात लावा. हीटिंग चालू असताना तो गरम लागत असेल, तर पाणी फरशीकडे की टाकीकडे वळवायचं ते ठरवणारा तीन तोंडांचा व्हॉल्व्ह मधेच अडकलाय.

लूपचं वाटप

कालव्याच्या तोंडाशी असलेल्यांनी पाणी ओढलं की टेलच्या शेताला काही उरत नाही. मॅनिफोल्डवरही तसंच होतं. बाथरूमचा ३० मीटरचा आखूड लूप मोकाट सुटला की दिवाणखान्यातल्या १०० मीटरच्या लूपला पाणी मिळत नाही. सगळ्यात लांब लूप पूर्ण उघडा ठेवा आणि बाकीचे लांबीच्या प्रमाणात आवळा: १०० मीटरला २ लिटर, तर ५० ला १. ही फक्त सुरुवात समजा. काँक्रीटचा थर सावकाश तापतो, म्हणून एक बदल केला की एक दिवस थांबा, मग दुसरा.

एक-दोन लूप मात्र थर्मोस्टॅटशिवाय कायम उघडे ठेवा. कडक थंडीत बाहेरच्या युनिटवरचा बर्फ वितळवायला मशीन फरशीतल्या पाण्याची उष्णता उलट ओढून घेतं. त्या घडीला सगळ्या खोल्यांचे अ‍ॅक्चुएटर बंद असतील तर पाणी फिरायला वाटच उरत नाही आणि मशीन एरर देऊन थांबतं. पहाटेच बंद पडणाऱ्या मशीनचं कारण अनेकदा हेच निघतं.

सगळं तपासून झालं आणि ८ किलोवॅटच्या मशीनला अजून १५ लिटरच मिळत असतील, तर मुख्य पाइपाची जाडी मोजा. मशीनपासून मॅनिफोल्डपर्यंत लांबलचक २२ मिलिमीटरची लाइन टाकलेली असेल, तर २३ लिटर तिच्यातून रेटणं पंपाला जड जातं. तिथं २८ ची हवी होती. हे काम इन्स्टॉलरचं, आणि मशीनच्या रेफ्रिजरंट गॅसच्या पाइपांना किंवा बाहेरच्या युनिटच्या आतल्या भागांना तर आपण हातच लावायचा नाही. त्याला फोन करताना ‘घर गरम होत नाही’ एवढंच सांगू नका. लिटर, चारही तापमानं, प्रेशर आणि प्रत्येक फ्लो मीटरचा आकडा त्याला लिहून पाठवा, गाळणीत काय निघालं त्याच्या फोटोसकट.