मुंबईहून परदेशी जाताना एअरपोर्टवर गोंधळ कसा टाळायचा (खास आई-बाबांसाठी)

आई-बाबा मुलांकडे अमेरिकेला निघालेत, पहिल्यांदाच किंवा बऱ्याच वर्षांनी, आणि दोघंच जाणारेत, अशांसाठी हे मुद्दाम लिहितेय. एअरपोर्टवर माणूस दमतो तो शोधाशोधीने. पासपोर्ट कुठल्या कप्प्यात, चष्मा कुणाकडे, आणि मागे रांग खोळंबलेली. म्हणून नियम एकच धरा, प्रत्येक वस्तूची जागा घरीच ठरवायची आणि काउंटरवर काढलेली वस्तू त्याच जागी परत गेल्याशिवाय पाऊल पुढे टाकायचं नाही. मागचे लोक थांबतात हो, अर्ध्या मिनिटाने कुणाचं विमान चुकत नाही.

सगळ्यात आधी तिकिटावर एअरपोर्ट कुठला ते नीट बघा, कारण आता नवी मुंबईचा एअरपोर्टही सुरू झालाय. सहारवरून जाणारी इंटरनॅशनल फ्लाइट असेल तर टर्मिनल २, ड्रायव्हरला तसंच स्पष्ट सांगायचं.

आता पाऊच. दोघांच्या गळ्यात आपापलं झिपचं पाऊच हवं. सगळे कागद बाबांकडे ही पद्धत इथे चालत नाही, सिक्युरिटीला लेडीजची रांग वेगळी, झडती वेगळी, आणि तेवढ्यात आईंकडे कुणी बोर्डिंग पास मागितला तर त्या बाबांना कुठे शोधणार? पाऊचमध्ये पासपोर्ट, तिकिटाची प्रिंट, पेन, आणि मुलाचा पत्ता नि फोन नंबर मोठ्या अक्षरात लिहिलेला कागद, एवढंच. विसा जुन्या पासपोर्टवर असेल तर दोन्ही पासपोर्ट एकत्र रबरबँड लावून ठेवा, नवीन घेऊन निघाले आणि जुना कपाटातच राहिला असं खरंच होतं. रोजच्या गोळ्या हॅन्डबॅगेत, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट, चेक-इनच्या बॅगेत अजिबात टाकू नका.

बॅगा भरतानाच अर्धा गोंधळ मिटतो. तूप, लोणचं, ओल्या चटण्या चेक-इनमध्ये, कारण हॅन्डबॅगेत पातळ काहीही १०० मिलीपेक्षा मोठ्या डब्यात चालत नाही, डबा अर्धा रिकामा असला तरी. गोडा मसाला, भाजणी वगैरेही चेक-इनमध्येच बरं, अमेरिकेच्या फ्लाइटला हॅन्डबॅगेतल्या जास्त पावडरीची वेगळी तपासणी होते. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या मात्र घेऊच नका, तेलामुळे पेट घेऊ शकतात म्हणून त्या कुठल्याच बॅगेत चालत नाहीत. पॉवर बँक उलटी, ती हॅन्डबॅगेतच हवी. चेक-इनच्या बॅगेत सापडली तर तुम्हाला बोलावून बॅग उघडायला लावतात आणि नीट रचलेले डबे सगळ्यांसमोर बाहेर. वजन घरीच काट्यावर करा. अमेरिकेला इकॉनॉमीत बहुतेक वेळा एका बॅगेला २३ किलो असतं, तुम्ही २२ वर थांबा, म्हणजे काउंटरसमोर साड्या या बॅगेतून त्या बॅगेत करायची वेळ येत नाही.

व्हीलचेअर लागणार असेल तर किमान ४८ तास आधी एअरलाइनला कळवून ठेवा आणि यात अजिबात संकोच करू नका. टी२ मध्ये चालणं खूप आहे.

घरून असं निघा की फ्लाइटच्या तीन तास तरी आधी गेटवर असाल, हायवेचं ट्रॅफिक धरून. सोडायला आलेल्यांना आत सोडत नाहीत, तेव्हा नमस्कार, मिठ्या, फोटो सगळं आधी उरका आणि मगच पासपोर्ट नि तिकीट हातात घ्या. आत चेक-इनला बॅगा दिल्या की टॅगवरचं शेवटच्या शहराचं नाव बघून घ्या आणि विचारा, बॅग मध्ये कुठे उचलायची आहे का? अमेरिकेत दुसरं विमान पकडायचं असेल तर साधारणपणे पहिल्याच एअरपोर्टवर बॅगा घेऊन पुन्हा द्याव्या लागतात. बॅगांच्या पावत्या पाऊचमध्ये.

इमिग्रेशनला पासपोर्ट, विसा, बोर्डिंग पास, बस. कुठे चाललात, कुणाकडे, किती दिवस, एवढ्याची सरळ उत्तरं द्यायची. भारतीयांना निघताना भरायचा फॉर्म २०१७ पासूनच बंद आहे, त्यामुळे तो शोधत बसू नका.

वस्तू हरवतात त्या सिक्युरिटीला, इथे घाई नको. रांगेत उभे असतानाच घड्याळ, मोबाइल, पाकीट, सुटे पैसे, किल्ल्या आणि गळ्यातलं पाऊच हे सगळं हॅन्डबॅगेच्या एकाच कप्प्यात घालून झिप लावा, फक्त बोर्डिंग पास हातात. सुटी वस्तू ट्रेमध्ये टाकायचीच नाही, काळ्या घड्याळाचा पट्टा ट्रेच्या कोपऱ्यात पटकन दिसत नाही आणि ट्रे पुढे निघून जातो. लॅपटॉप, टॅब वेगळ्या ट्रेमध्ये. बॅग मशीनमध्ये गेलेली बघा, मगच झडतीला जा. पलीकडे ज्याचं आधी होईल त्याने बेल्टच्या टोकाला थांबायचं हे आधीच ठरवा. मग सामान उचलून बाकावर जायचं, तिथे बसून पाऊच गळ्यात, पट्टा कमरेला, आणि पासपोर्ट एकदा हाताने चाचपून बघायचा.

मुंबई एअरपोर्ट सायलेंट आहे, प्रत्येक फ्लाइटची अनाउन्समेंट होत नाही. त्यामुळे कॉफी, ड्यूटी फ्री सगळं नंतर, आधी गेट प्रत्यक्ष बघून या आणि स्क्रीन दिसेल अशी जागा धरा, गेट बदलू शकतं. मोबाइलवर बोर्डिंगच्या वेळेच्या थोडा आधीचा गजर लावा. बोर्डिंग सुरू व्हायच्या आधी बाथरूमला आळीपाळीने जा, एकाने बॅगांजवळ थांबायचं. विमानात बसल्यावर मोठी बॅग वर, पण पाऊच, गोळ्या, चष्मा आणि स्वेटर पायाशी.