जाळीचं दुखणं अंगावर काढू नका: दाद मागताना होणाऱ्या चुका

माझ्या मोठ्या जावेचं अंग बाहेर येत होतं, म्हणून उपनगरातल्या एका नर्सिंग होममध्ये ऑपरेशन करून तिला आधाराची कृत्रिम जाळी, म्हणजे मेश, बसवली. पुढची चार वर्षं तिला बसताना टोचायचं, लघवीला जळजळ व्हायची, नवऱ्याजवळ जायची भीती वाटायची. घरात कुणाला बोलली नाही. गोळ्या खात राहिली. शेवटी दुसऱ्या डॉक्टरांनी तपासलं, तेव्हा जाळीची कड योनीच्या भिंतीतून बाहेर आलेली दिसली. आम्ही वकिलाकडे गेलो आणि काय काय हातचं गेलंय ते एकेक कळत गेलं.

गप्प राहणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक. ग्राहक संरक्षण कायदा २०१९च्या कलम ६९ प्रमाणे तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांत ग्राहक आयोगाकडे तक्रार करावी लागते. दोष शरीरात दडलेला असेल तर तो कळल्यापासून मुदत मोजा, असं म्हणता येतं. पण २०१०चा सर्वोच्च न्यायालयाचा एक निकाल प्रत्येक बाईने ऐकावा असा आहे. १९९३ साली पित्ताशयाच्या ऑपरेशनमध्ये पोटात राहिलेला गॉज, म्हणजे रक्त टिपायचा कापडाचा तुकडा, २००२ साली निघाला आणि २००४ मध्ये तक्रार झाली. बाई स्वतः नर्स. इतकी वर्षं दुखत असताना ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांकडे विचारणा का केली नाही, असा न्यायालयाचा सवाल होता. तक्रार मुदतबाह्य ठरली.

म्हणून प्रत्येक भेटीत त्रास केसपेपरवर लिहून घ्या. ‘ओटीपोटात दुखतं’ एवढ्यावर भागवू नका. टोचतं, रक्त जातं, संबंधाच्या वेळी दुखतं, हे त्याच शब्दांत लिहायला सांगा. लाज वाटते, मला ठाऊक आहे. आमच्या घरात तो शब्द उच्चारायला चार वर्षं लागली. उशीर झालाच असेल तर तक्रारीसोबत विलंब माफीचा अर्ज देता येतो, पण उशिराचं कारण पटवावं लागतं.

दुसरी चूक, डिस्चार्ज कार्डावर विसंबणं. जावेच्या कार्डावर नुसतं ‘मेश रिपेअर’ होतं. कंपनी कोणती, लॉट नंबर काय, हे जाळीच्या खोक्यावरच्या स्टिकरवर असतं आणि तो ऑपरेशनच्या नोंदीत चिकटवतात. पूर्ण केसपेपर लेखी अर्जाने मागा, अर्जाची पोच घ्या. वैद्यकीय परिषदेच्या २००२च्या नियमांनुसार डॉक्टरांनी ते ७२ तासांत द्यायचे असतात. मात्र त्याच नियमांत रेकॉर्ड जपण्याचं बंधन उपचार सुरू झाल्यापासून तीनच वर्षांचं आहे. आम्ही चार वर्षांनी गेलो. ‘जुन्या फाइली रद्दीत गेल्या,’ असं उत्तर मिळालं. वाचवलं ते मेडिक्लेमने: दाव्याच्या कागदांत स्टिकरची झेरॉक्स आणि जाळीचं बिल लावलेलं होतं. तुमचं रेकॉर्ड हरवलं असेल तर विमा कंपनीकडे आधी विचारा.

महापालिकेच्या रुग्णालयात ऑपरेशन झालं असेल आणि जाळी चिठ्ठीवर बाहेरच्या मेडिकलमधून आणली असेल, तर ती पावती जिवापाड जपा. सगळ्यांवर मोफत उपचार करणारं रुग्णालय सर्वोच्च न्यायालयाच्या १९९५च्या निकालाप्रमाणे ग्राहक कायद्यात येत नाही. पण पैसे मोजून घेतलेल्या जाळीचे ग्राहक तुम्ही आहात, हा मुद्दा मांडता येतो.

जाळी काढायची वेळ आली तर ऑपरेशनच्या आधी लेखी द्या की तुकडे पॅथॉलॉजीला पाठवून जपून ठेवा. नाहीतर पुरावा जैविक कचऱ्यात जातो.

आता पक्षकार कोण करायचे ते. बहुतेकांचा राग डॉक्टरांवर असतो, म्हणून तक्रार फक्त त्यांच्यावर होते. मग डॉक्टर म्हणतात, जाळीच सदोष होती. फक्त कंपनीला ओढलं तर कंपनी ग्राहक कायद्याच्या कलम ८७कडे बोट दाखवते: वस्तू तज्ज्ञाने वापरायची होती, तज्ज्ञाला आम्ही सूचना दिल्या होत्या. दोघांच्या मधोमध बाई लटकते. पुरावा असेल तर दोघांनाही समोर आणा. कंपनी परदेशी असून तिच्यावर नोटीस बजावता येत नसेल, तर कलम ८६ विक्रेत्याला जबाबदार धरतं. संमतीपत्रावर सही केलीत म्हणूनही खचू नका. धोके आणि दुसरे पर्याय नीट समजावल्यावरच संमती खरी, असं सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये सांगितलं आहे.

‘अमेरिकेत बंदी आली, म्हणजे केस जिंकलो’ हा समजही सोडा. तिथल्या औषध नियामकाने १६ एप्रिल २०१९ रोजी थांबवली ती अंग बाहेर येण्यावर योनीमार्गे बसवायच्या जाळीची विक्री. लघवी सुटते म्हणून बसवलेली पट्टी किंवा पोटातून बसवलेली जाळी त्यात नव्हती. तुमची कोणती, ते आधी बघा.

ऑपरेशन परळला झालं आणि तुम्ही डोंबिवलीला राहता, तर ठाणे जिल्हा ग्राहक आयोगातही तक्रार करता येते. वकिलाच्या फीला घाबरून थांबू नका. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७च्या कलम १२ प्रमाणे बाईला, उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. त्यासाठी विधी सेवेचा फोन १५१००. आम्हाला हे कळलं तेव्हा पहिल्या वकिलाची फी देऊन झाली होती.